कुत्रं वास सांगतं, चोर नाही

परवा सकाळी पेपर उघडला आणि आतल्या पानावर नेहमीचीच बातमी. भरदिवसा घरफोडी, सात तोळे लंपास. शेवटची ओळही नेहमीचीच : 'श्वानपथकास पाचारण करण्यात आले, श्वान हमरस्त्यापर्यंत जाऊन तेथेच घुटमळले.' सातारा-सांगलीकडच्या आपण बायका ही ओळ वर्षानुवर्षं वाचतोय. वाचतो, जराशा हसतो नि पान उलटतो. मला मात्र दरवेळी एक बाई आठवते. तिच्या दारात कुत्रं घुटमळलं नव्हतं, सरळ जाऊन बसलं होतं.

वाळवा तालुक्यातलं एक गाव. आमच्या बचत गटाची पत्र्याची पेटी अध्यक्षबाईंच्या माजघरात असायची. दुसऱ्या दिवशी बँकेत भरायचे चौदा हजार रुपये तिच्यात होते. रात्री कुणीतरी मागच्या दाराची कडी काढून पेटी उचलली. पहाटे ती परसात, शेणींच्या ढिगाशेजारी उघडी सापडली. पैसे गेले होते, पासबुकं नि कागद विखुरले होते.

आळीतल्या सगळ्या बायका धावल्या. कुणी कागद गोळा केले, कुणी परस झाडून काढला. सासूबाईंनी, दार पारोसं कसं ठेवायचं, म्हणून सडासुद्धा टाकला. पारधी वस्तीवरची एक बाई होती. आम्ही मोठ्या हौसेनं गटात घेतलेली वस्तीवरची ती पहिलीच. तिनं पेटी उचलून सरळ ठेवली, पदरानं पुसली, झाकण लावलं आणि पोरांना शाळेत घालवायचं म्हणून ती घरी गेली.

अकराच्या सुमाराला सांगलीहून श्वानपथक आलं. कुत्र्यानं पेटी हुंगली, परसात दोन फेऱ्या मारल्या आणि ओढ्याच्या कडेनं थेट वस्ती गाठली. तिच्या उंबऱ्यापाशी ते बसलं. मागनं निम्मं गाव.

मग काय! निकाल तिथंच लागला. पोलिसांनी झडती घेतली, चौकशी केली, काहीच मिळालं नाही, तिला सोडून दिलं. गावानं मात्र सोडलं नाही. वाण्यानं उधारी बंद केली. शाळेत तिच्या पोरीशेजारी कुणी बसेना. गटाच्या बैठकीत एकजण म्हणाली, "तिचं नाव कमी करा." मी तिथंच होते. एरवी भाषणं करणारी मी, त्या दिवशी खाली मान घालून सतरंजीचे दोरे उचकटत बसले.

पुढं एका कार्यक्रमात श्वानपथकातून निवृत्त झालेले एक हवालदार भेटले. त्यांना ही हकिकत सांगितली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ताई, पेटीला शेवटचा हात कुणी लावला होता?" माझ्या पोटात गोळाच आला. ते म्हणाले, "मग कुत्र्याचं काय चुकलं? ज्याचा वास दिला, त्याच्या घरी त्यानं नेलं. चुकलं ते तुमचं."

तेव्हापासून मी हा विषय जरा समजून घेतला. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी पन्नास लाखांच्या आसपास असतात, तर कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या घरात. पण नुसतं नाक असून भागत नाही, ते घडवावं लागतं. पिल्लू काही महिन्यांचं झालं की त्याला एका हवालदाराच्या हाती सोपवतात. आधी बस, ऊठ, थांब, मागं ये ही शिस्त. मग ज्याचं त्याचं काम : कुणी चोराचा माग काढायचा, कुणी स्फोटकं शोधायची, कुणी गांजा-चरस. शिकवताना मारझोड नसते. वास सापडला की चेंडू मिळतो, शाबासकी मिळते. कुत्र्याच्या लेखी तो खेळच. बॉम्ब शोधणाऱ्या कुत्र्याला तर भुंकायचं नाही, पायानं उकरायचं नाही, नुसतं शांत बसून खूण करायची, हेही शिकवलेलं असतं. एक उकर आणि सगळंच संपलं!

अशा कुत्र्यांनी केलेलं काम काही लहानसहान नाही. पुण्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या केंद्रात शिकलेला 'जंजीर' हा लॅब्रॅडॉर. मुंबईतल्या १९९३ च्या स्फोटांनंतर त्यानं ३,३२९ किलो आरडीएक्स आणि शेकडो डिटोनेटर शोधून काढले. किती आयाबायांचं कुंकू त्यानं वाचवलं असेल, कोण मोजणार? नोव्हेंबर २००० मध्ये हाडांच्या कॅन्सरनं तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबई पोलिसांबरोबर राबलेला 'सीझर' निवृत्तीनंतर विरारला एका प्राणिप्रेमी बाईंच्या शेतावर राहिला आणि २०१६ साली गेला. बीड पोलिसांच्या 'रॉकी'नं तीनशेहून जास्त गुन्ह्यांच्या तपासात मदत केली होती. २०२० साली त्याला निरोप देताना पोलिसांचे डोळे पाणावलेले आपण टीव्हीवर पाहिले.

तेव्हा माझी तक्रार कुत्र्यावर मुळीच नाही. तक्रार आपल्यावर आहे. 'या वस्तूवर ज्याचा वास आहे, तो कुठं गेला?' एवढाच प्रश्न त्या मुक्या जिवाला विचारलेला असतो आणि तेवढ्याचंच उत्तर तो इमानानं देतो. 'चोरी कुणी केली?' हे त्याला कुणी विचारलेलं नसतं आणि विचारताही येत नाही. आपण मात्र पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवून मोकळ्या होतो.

कायद्याला हे फार आधी कळलेलं आहे. १९६९ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढं हा विषय आला होता. कुत्रं शपथ घेऊन साक्ष देऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही, आणि माणसाचा जीव नि स्वातंत्र्य कुत्र्याच्या अंदाजावर सोडायचं का, अशा आक्षेपांची चर्चा त्या निकालात आहे. असा पुरावा चालवून घेतला तरी त्याला सहसा फार वजन नसतं, असं न्यायालयानं म्हटलं. तपासाला दिशा मिळाली, एवढंच. जे न्यायालयाला पुरत नाही, ते गावच्या पारावर कसं पुरतं?

आणि खरं सांगायचं तर, तेच कुत्रं पाटलांच्या वाड्यासमोर बसलं असतं तर? "वास चुकला असेल," म्हणून आपणच चहा ठेवला असता. वस्तीवर बसलं म्हणून लगेच पटलं. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. कागदावरून गेला, आपल्या मनातून अजून जायचाय.

म्हणून मैत्रिणींनो, काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवू या. घरात चोरी झाली तर आधी ११२ ला फोन करायचा. झाडू हातात घ्यायचा नाही, सडा टाकायचा नाही, कपाट-पेटीला हात लावायचा नाही. आळीतल्या बायकांना अंगणाबाहेरच थांबवायचं. सांत्वन काय, दुपारीही करता येतं! कुणी काही हाताळलंच असेल, तर पोलिसांना तसं सांगून टाकायचं. आम्ही त्या दिवशी एवढं एक वाक्य बोललो असतो, तर तिच्यावर ही वेळ आली नसती.

पोलिसांनाही विनंती आहे. कुत्रं माग काढत असताना मागनं जत्रा येऊ देऊ नका. ते कुणाच्या दारात थांबलंच, तर जमलेल्या लोकांना तिथंच सांगा, की ही नुसती खूण आहे, अजून काही ठरलेलं नाही. तुमच्या अंगावरच्या वर्दीमुळं त्या दोन वाक्यांना किंमत येते. आणि पेपरवाल्यांनो, कुत्रं कुणाच्या दारात थांबलं हे छापलंत, तर चौकशीत काही निघालं नाही हेही तेवढ्याच अक्षरात छापा.

ते चौदा हजार कधीच मिळाले नाहीत. आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढून ते भरले. हवालदारांशी बोलणं झाल्यावर मी गटात सगळा उलगडा केला आणि आम्ही चौघी तिच्या घरी गेलो. तिनं पाणी दिलं, चहा दिला. पासबुक मात्र परत घेतलं नाही. म्हणाली, "बाई, पेटी मी चांगल्या मनानं पुसली हुती."

यावर काय बोलायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.