मतदारयादी व नागरिकत्वाचा पुरावा

मतदारयादी शुद्ध असावी. मृताच्या नांवावर मत पडणें हाही अन्यायच होय. परंतु २०२५ सालीं बिहारांत २००३ च्या यादींत नसलेल्यांकडे जन्माचे पुरावे मागण्यांत आले, मसुद्यांतून सुमारें ६५ लक्ष नांवें गळालीं, आणि कोणतें नांव कां गेलें हें सर्वोच्च न्यायालयानें फर्माविल्यावरच प्रसिद्ध झालें, ही गोष्ट आम्हांस खटकते. मुंबईच्या कांहीं मतदारांसही पूर्वीं पोलिसांमार्फत नागरिकत्व सिद्ध करण्यास सांगण्यांत आलें होतें. त्या वादांत १९९५ सालीं त्याच न्यायालयानें ठरविलें कीं, यादींत आधींच असलेल्या मनुष्यास नागरिक समजूनच चौकशी आरंभावी, व त्याचें म्हणणें ऐकल्यावांचून नांव वगळूं नये. आमच्या मतें पुराव्याचा भार संशय घेणाऱ्यावरच असावा. ज्याच्या जन्माची नोंदच कोणी केली नाहीं, त्या मजुरानें दाखला आणावा तरी कोठून?