गाडीतला वास आणि बिनवासाचा वायू

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ इंधन आले आणि त्यातील गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर उतरले. तरीही धुराला कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर दोष बहुधा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा किंवा इंजिनाचा. कच्च्या पेट्रोलचा वास न जळलेल्या इंधनाचा, गोडसर वास कूलंट गळतीचा. इथवर काम मेकॅनिकचे.

धुराचा वास गाडीच्या आत आला, की मात्र प्रश्न आरोग्याचा. त्याच वाटेने कार्बन मोनॉक्साइडही शिरतो आणि त्याला वासच नसतो. हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून घट्ट जोडला जातो. डोके दुखते, मळमळते. ‘गाडी लागली’ म्हणून लोक लिंबू चघळतात. बोटाला लावायचे ऑक्सिमीटरही अशा वेळी ९८ दाखवून फसवते. पीयूसी तर सायलेन्सरच्या टोकाशी होते. वाटेत गळणारा पाइप तिथे सापडेलच असे नाही. असा त्रास होताच इंजिन बंद करून मोकळ्या हवेत यावे आणि रुग्णालयात गाडीतल्या वासाचा उल्लेख आवर्जून करावा. रक्ताची नेमकी तपासणी डॉक्टरला त्यावरूनच सुचते.