वैशाखातही फुलणारी कण्हेर

"नळाला पाणी दोन दिवसांआड, बाग फुलवायची कशी?" सोलापूर-लातूरकडच्या मैत्रिणी हमखास विचारतात. त्यांनी कण्हेर लावावी. बारमाही हिरवी, आणि भर वैशाखात गुलाबी-पांढऱ्या फुलांनी डवरते.

पावसाळ्याच्या सुरुवातीला पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी खालची पानं काढून कुंडीत खोचावी. मुळं धरली की भरपूर उन्हाच्या जागी लावावी. पहिलं वर्ष नियमित पाणी द्यावं. पुढे भाजी-तांदूळ धुतलेलं पाणीही पुरतं. मुळाशी पाणी साचू देऊ नये. फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून बहर ओसरला की छाटावी.

एक मात्र नीट ध्यानात ठेवा. कण्हेरीचं पान, फूल, मूळ, चीक सगळंच विषारी. थेट हृदयावर परिणाम होतो. घरात रांगतं मूल किंवा दारात गाय असेल तर ती लावूच नये. छाटलेल्या फांद्या बंबात घालू नयेत, धूरही बाधतो. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्याही तशाच विषारी, त्या मुलांच्या खेळात नकोत. कुणी चुकून खाल्लंच तर घरगुती उपाय न करता तडक दवाखाना गाठा.

आणि पूजेला फुलं खुडलीत की हात धुऊन मगच नैवेद्याला लागा.