बेंच लॅबमध्ये, इंजिनिअर साताऱ्यात

पॉवर इलेक्ट्रॉनिक्समधल्या माणसाने घरून काम करण्याचा विषय काढला, की पुण्या-बेंगळुरूच्या कंपन्यांत उत्तर ठरलेलं असतं: सॉफ्टवेअरवाल्यांचं ठीक आहे, त्यांचं काम लॅपटॉपमध्ये मावतं, तुमच्या कन्व्हर्टरला प्रोब कोण लावणार? प्रश्न रास्त आहे. पण तो विचारला की चर्चा संपली, असं धरून चालतात, आणि इथेच घोटाळा होतो. मोबाइलच्या चार्जरपासून सोलर इन्व्हर्टर, यूपीएस, इलेक्ट्रिक स्कूटरचा मोटर कंट्रोलर, इतकंच काय, चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटरची डीसी लाइन, या सगळ्यांत विजेचं रूप पालटण्याचं काम हेच शास्त्र करतं. या क्षेत्राला अनुभवी माणसं हवी आहेत आणि ती सहज मिळत नाहीत. म्हणून प्रश्नाला पुरतं उत्तर द्यायला हवं.

आधी पूर्वपक्ष, आणि तोही त्याच्या पूर्ण बळानिशी.

पहिला मुद्दा धोक्याचा. ४०० व्होल्टवर भरलेल्या १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये ८० ज्यूल ऊर्जा साठलेली असते. डिफिब्रिलेटर लहान मुलाच्या छातीला शॉक देतो तोही साधारण याच पातळीवरचा. दुसरा मुद्दा इंद्रियांचा. ट्रान्सफॉर्मर बारीक शिट्टी मारतो, वार्निश तापल्याचा वास येतो, हीट सिंकजवळ हात नेला की चटका कळतो. यातलं काहीच व्हिडिओ कॉलवर पोचत नाही. तिसरा मुद्दा सिम्युलेशनवरच्या अविश्वासाचा, आणि त्यामागे मोठी नावं उभी आहेत. नॅशनल सेमिकंडक्टरचे बॉब पीज यांनी स्पाइस या सर्किट-सिम्युलेशनच्या प्रोग्रॅमवर आयुष्यभर टीका केली. लिनिअर टेक्नॉलॉजीचे जिम विल्यम्स यांचं सगळं काम बेंचवर उभं राहिलं. २०११ मध्ये ते गेल्यावर त्यांचा तो वस्तूंनी खच्चून भरलेला बेंच माउंटन व्ह्यू इथल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने प्रदर्शनात मांडला. ज्या विद्येच्या थोर माणसाची आठवण म्हणून त्याचं टेबल जपावंसं वाटतं, ती विद्या टेबलापासून तोडायची कशी?

यातला एकही मुद्दा खोटा नाही. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

विल्यम्स यांच्यापासूनच सुरुवात करू. ते ज्या लिनिअर टेक्नॉलॉजीत होते, त्याच कंपनीत माइक एंगेलहार्ट यांनी एलटीस्पाइस घडवलं आणि कंपनीने ते जगाला फुकट दिलं. आज स्विचिंग पॉवर सप्लायवर काम करणाऱ्या इंजिनिअरच्या संगणकात ते नसेल असं क्वचितच घडतं. बेंच आणि सिम्युलेशन एकाच छपराखाली नांदले, कारण दोघांची कामं वेगळी होती.

आता एका कन्व्हर्टरचा जन्म पायरी-पायरीने पाहू. टोपॉलॉजी निवडायची, मॉसफेट आणि डायोडच्या डेटाशीट चाळायच्या, कोअर किती मोठा घ्यायचा आणि वाइंडिंगचे किती फेरे द्यायचे याचं गणित मांडायचं. कंट्रोल लूपसाठी मिडलब्रुक आणि चुक यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या स्टेट-स्पेस ॲव्हरेजिंगपासून निघालेली समीकरणं लावायची. स्कीमॅटिक, मग लेआउट, मग त्याचा रिव्ह्यू, मग फर्मवेअर. हे सगळं खुर्चीत बसून होतं. त्यानंतर गर्बर फाइल बोर्ड बनवणाऱ्याकडे जाते, बहुतेकदा दुसऱ्या शहरात, कधी दुसऱ्या देशात. ट्रान्सफॉर्मर भोसरीतल्या एखाद्या वाइंडिंगवाल्याकडे गुंडाळला जातो. १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात यंत्र वीजवाहिनीत किती गोंगाट सोडतं, ते मोजायला त्याला मान्यताप्राप्त चाचणी केंद्रात न्यावं लागतं. म्हणजे रोज ऑफिसला येणाऱ्या इंजिनिअरचंही काम चार ठिकाणी विखुरलेलंच असतं. फायली, ड्रॉइंग आणि फोन यांच्यावर त्याचा विश्वास असतो, म्हणून ते चालतं.

याहून बोचरा मुद्दा पुढे आहे. पुण्यातल्या आणि बेंगळुरूतल्या कितीतरी डिझाइन सेंटर्समधली माणसं वर्षानुवर्षं जर्मनी किंवा अमेरिकेतल्या लॅबमध्ये ठेवलेल्या हार्डवेअरवर काम करत आली आहेत. तिकडचा टेक्निशियन प्रोब लावतो, इकडचा इंजिनिअर वेव्हफॉर्म पाहतो, गेट रेझिस्टर बदलायला सांगतो. या व्यवस्थेला कोणी अशक्य म्हणत नाही. सात हजार किलोमीटरवरची लॅब ज्यांना चालते, त्यांना साताऱ्यात किंवा सावंतवाडीत बसून पुण्यातली लॅब चालवणारा इंजिनिअर का चालू नये? हरकत भौतिकशास्त्राची असती, तर ती अंतराबरोबर वाढली असती. ती तशी वाढत नाही. हरकत आहे ती माणूस डोळ्यांसमोर नसल्याची, आणि तिच्यावर इन्व्हर्टरच्या धोक्याचं पांघरूण घातलं जातं.

उपकरणं दुरून हाताळणं तर मुळीच नवं नाही. ह्यूलेट-पॅकार्डने मोजमापाची उपकरणं संगणकाला जोडण्यासाठी काढलेली बस १९७५ मध्ये आयईईई-४८८ या नावाने प्रमाणित झाली. २००५ मध्ये एलएक्सआय हे मानक आलं आणि स्कोप, पॉवर सप्लाय, इलेक्ट्रॉनिक लोड हे सगळं साध्या नेटवर्क केबलवर बोलू लागलं. आयआयटी मुंबईच्या एका प्रकल्पात एका छोट्या बोर्डवरचा हीटर आणि पंखा विद्यार्थी इंटरनेटवरून खरोखर चालवत आले आहेत. हार्डवेअर-इन-द-लूपने तर पुढचा टप्पा गाठला: कंट्रोलर खरा, आणि त्यासमोरचा इन्व्हर्टर, मोटर, ग्रिड हे सगळं एफपीजीए चिपमध्ये गणित म्हणून प्रत्यक्ष वेळेत सोडवलं जातं. टायफून किंवा ओपल-आरटी या कंपन्यांच्या अशा पेटीवर ग्रिडचा शॉर्ट सर्किट दिवसातून शंभरदा करता येतो आणि एकही मॉसफेट फुटत नाही. खऱ्या बेंचवर तीच चाचणी शंभरदा करायला कोणी धजणार नाही.

तरीही प्रोब कोणीतरी लावायचाच असतो. इथे थोडं थांबून जवळून बघायला हवं, कारण दूरस्थ कामाची खरी परीक्षा इथेच होते.

समजा, लॅबमधून स्कोपचा स्क्रीनशॉट आला. ६५० व्होल्टचा मॉसफेट बंद होताना व्होल्टेज उसळून ६२० ला टेकतंय आणि मागे थरथरती शेपटी आहे. घरी बसलेला इंजिनिअर घाबरतो. तो गेट रेझिस्टर वाढवायला सांगतो, स्नबर बसवायला सांगतो. स्विचिंग मंदावतं, एफिशियन्सी घसरते, हीट सिंक मोठा करावा लागतो. आठवडा जातो. आणि दोष असतो प्रोबच्या काळ्या अर्थ-क्लिपमध्ये. तिची तार दहा सेंटिमीटर लांब असेल तर तिचं इंडक्टन्स साधारण १०० नॅनोहेन्री होतं. प्रोबच्या टोकाशी १० पिकोफॅरड असतात. दोन्ही मिळून सुमारे १६० मेगाहर्ट्झवर स्वतःच थरथरतात. म्हणजे स्क्रीनवरचा मोठा भाग मॉसफेटचा नसून मोजणाऱ्या तारेचा असतो. क्लिप काढून टोकाशी छोटी स्प्रिंग लावली की शेपटी जवळपास नाहीशी होते.

पूर्वपक्ष म्हणेल, बघा, समोर असता तर एका नजरेत कळलं असतं. खरं आहे. पण केबिनमध्ये बसून ईमेलमधला रिपोर्ट वाचणाऱ्या मॅनेजरलाही ते कळत नाही, आणि तो त्याच इमारतीत असतो. उपाय साधा आहे: प्रत्येक वेव्हफॉर्मसोबत प्रोब कसा लावला होता त्याचा फोटो. बेंचवर एक कॅमेरा कायम वरून रोखलेला, दुसरा थर्मल. हा नियम ज्या लॅबने पाळला, तिचे रिपोर्ट ऑफिसमधल्यांनाही जास्त उपयोगी पडतात.

आता दुसऱ्या टोकाचंही खंडन केलं पाहिजे. काही उत्साही माणसं म्हणतात, लॅब कशाला, बेंच घरीच मांडू. पाच-बारा व्होल्टच्या बोर्डांपुरतं ते ठीक. ४०० व्होल्टच्या बसला घरात जागा नाही. वर सांगितलेल्या कपॅसिटरवर १०० किलोओहमचा ब्लीडर असला, तरी व्होल्टेज ४०० वरून ५० वर यायला साडेतीन मिनिटं लागतात. स्विच बंद केला आणि हात घातला, एवढ्यावर जीव जाऊ शकतो, आणि फ्लॅटमध्ये दुपारी एकट्या असलेल्या माणसाला ओढून बाजूला करणारं कोणी नसतं. उच्च दाबाच्या बेंचवर एकट्याने काम करायचं नाही, हा नियम अनुभवातून आलेला आहे. घरून काम करण्याच्या नावाखाली तो मोडायला लावणारी कंपनी इंजिनिअरला सवलत देत नसते. लॅबचा खर्च आणि जोखीम त्याच्या घरात ढकलत असते.

मग मंडन कशाचं? लॅबमधल्या त्या दुसऱ्या माणसाचं. आयटीआय किंवा डिप्लोमा करून आलेला, ०४०२ आकाराचा रेझिस्टर हाताने बदलणारा, वास आला की आधी सप्लाय पाडणारा तो टेक्निशियन. दुरून काम करणाऱ्या इंजिनिअरचे डोळे, नाक आणि हात तोच असतो. आपल्याकडे त्याला बहुधा कंत्राटावर ठेवतात, डिझाइन रिव्ह्यूला बोलावत नाहीत, रिपोर्टवर त्याचं नाव नसतं. जिथे टेक्निशियनला सर्किट समजावून सांगितलेलं असतं आणि ‘थांबा, हे बरोबर वाटत नाही’ असं म्हणायचा त्याला अधिकार असतो, तिथे इंजिनिअर साताऱ्यात असला तरी कन्व्हर्टर चालतो. जिथे त्याला फक्त हुकूम मिळतात, तिथे इंजिनिअर शेजारच्या खोलीत असूनही बोर्ड जळतात.

किंमत मोजावी लागते, हे लपवण्यात अर्थ नाही. समोर बसून दोन मिनिटांत बदलून पाहिलेला रेझिस्टर दुरून बदलायचा तर अर्धा दिवस जातो. म्हणून आधी विचार करून चाचणीचा आराखडा लिहावा लागतो: काय बदलायचं, काय दिसायला हवं, किती व्होल्टला थांबायचं. पहिल्यांदा पॉवर देताना, पहिल्यांदा पूर्ण लोड लावताना आणि चाचणी केंद्रात इंजिनिअरने स्वतः हजर राहावं. गूगल आणि आयईईईने २०१४ मध्ये जाहीर केलेल्या लिटल बॉक्स चॅलेंजचं स्वरूप असंच होतं. दोन किलोवॉटचा इन्व्हर्टर जगभरच्या चमूंनी आपापल्या जागी घडवला; अंतिम फेरीतल्यांनी पेट्या कोलोरॅडोतल्या गोल्डन इथल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत नेल्या आणि तिथे त्या परक्या हातांखाली १०० तास चालायच्या होत्या. २०१६ मध्ये दहा लाख डॉलर जिंकले बेल्जियमच्या सीई प्लस टी कंपनीच्या चमूने.

नव्या पदवीधरांना मात्र ही सवलत देऊ नये. ज्याने स्वतः चार मॉसफेट फोडले नाहीत आणि का फुटले ते शोधलं नाही, त्याला स्क्रीनशॉट वाचता येत नाही. पहिली दोन-तीन वर्षं बेंचवरच जायला हवीत, त्याच टेक्निशियनच्या शेजारी. पण दहा वर्षं बेंचवर घालवलेली बाई मूल झाल्यावर, किंवा आई-वडिलांच्या आजारपणात गावी परतलेला माणूस, यांना ‘हार्डवेअरला घरून काम नसतं’ म्हणून घालवणं हा त्या अनुभवाचा अपव्यय आहे, आणि तो रोज होतो आहे.

ज्या कंपनीला दूरस्थ पॉवर इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर हवा असेल, तिने त्याच दिवशी लॅबमधल्या कायम टेक्निशियनचीही जाहिरात काढावी, पगाराच्या आकड्यासह.