लॅपटॉपवर चाललं, म्हणजे झालं का?



सीबीएसईच्या बारावीच्या संगणकशास्त्रात नेटवर्कच्या युनिटमध्ये 'वेब होस्टिंग' हा शब्द आहे. मुलं त्याची व्याख्या पाठ करतात आणि पेपरात लिहून येतात. याच मुलांनी पायथनमध्ये एक प्रोजेक्टही केलेला असतो, प्रॅक्टिकलच्या ३० पैकी ८ मार्क त्याला असतात. पण "हा तुझा प्रोजेक्ट होस्ट करून दाखव बरं" असं त्यांना कुणी म्हणत नाही. डिप्लोमाकडे फार वेगळं चित्र नाही. एमएसबीटीईच्या आय स्कीममध्ये सहाव्या सेमिस्टरला 'प्रोग्रॅमिंग विथ पायथन' हा विषय आला, त्यात सहा युनिटं, आणि शेवटचं युनिट फाइल हाताळणी आणि एक्सेप्शनचं. तिथे विषय संपतो. एक्स्टर्नल येतात, मुलाच्या लॅपटॉपवर दोन बटणं दाबून बघतात, फाइलवर सही करतात आणि चहा घेतात.

माझं मत स्पष्ट सांगतो. साईट सर्व्हरवर चढवण्यासाठी मूल जी खटपट करतं, त्या खटपटीला मार्क हवेत. साईट शेवटपर्यंत चढली नाही तरीही हवेत.

आधी ज्या पालकांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं. मुलगा घरी पायथनमध्ये वेबसाईट बनवतो तेव्हा ती त्याच्याच लॅपटॉपवर चालत असते. ब्राउझरमध्ये वर पत्ता दिसतो १२७.०.०.१ आणि पुढे ५००० किंवा ८०००. या पत्त्याचा अर्थ 'मी स्वतः' एवढाच. म्हणजे घरातल्या घरात स्वतःलाच हाक मारल्यासारखं. नवशिका मुलगा आनंदाने हाच पत्ता वडिलांना व्हॉट्सअॅपवर पाठवतो, वडील जेवणाच्या सुट्टीत लिंक दाबतात, आणि फोन म्हणतो की अशी साईट नाही. कारण वडिलांचा फोन त्या पत्त्यावर स्वतःच्याच आत शोधत असतो. मुलाची फजिती होते. साईट सगळ्यांना दिसायची तर ती दिवसरात्र सुरू असलेल्या दुसऱ्या कुठल्या तरी संगणकावर ठेवावी लागते. तशी जागा देणारी सेवा म्हणजे होस्टिंग.

आणि खरी शाळा इथून सुरू होते.

माझ्या ओळखीतल्या एका डिप्लोमाच्या विद्यार्थिनीचं उदाहरण देतो. तिची मावशी चाकणजवळ खराबवाडीला खानावळ चालवते. गिऱ्हाईक म्हणजे आसपासच्या कंपन्यांतली कंत्राटी पोरं, तीन पाळ्यांत काम करणारी, चार-चार जण एका खोलीत राहणारी. कुणाला आज डबा हवा, कुणाला नको, हे मावशी वहीत लिहायची आणि रोज पाच-सहा डब्यांचा घोळ व्हायचा. मुलीने फ्लास्क वापरून छोटी साईट बनवली. पोराने फोनवर नाव निवडायचं, पाळी निवडायची, 'डबा हवा' दाबायचं. रेडीमेड प्रोजेक्ट आणून नाव बदलण्याच्या काळात एवढं कुणी स्वतःहून केलं की मला बरं वाटतं. लॅपटॉपवर ती झकास चालत होती.

सर्व्हरवर टाकली आणि पडली. पांढऱ्या पानावर फक्त 'इंटरनल सर्व्हर एरर' आणि ५०० हा आकडा. का पडली, काही नाही. नवशिक्याला इथे पहिला धक्का बसतो, कारण लॅपटॉपवर चूक झाली की लालभडक पान सगळं सांगायचं, आणि इथे सर्व्हर तोंड मिटून बसलेला. कारण असतं, पण ते पानावर न येता लॉगमध्ये लिहिलेलं असतं. लॉग म्हणजे सर्व्हरची रोजकीर्द. ती कुठे उघडायची हे व्हिडिओत बहुधा सांगितलेलं नसतं.

तिने लॉग उघडला. चाळीस ओळी इंग्रजी. मराठी माध्यमातून आलेलं मूल इथे हात टेकतं, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याच क्षणाची वाटते. "हे आपल्यातल्यांचं काम नाही" हा निष्कर्ष ते याच चाळीस ओळींसमोर बसून काढतं. आणि त्याला एवढंच सांगायचं असतं, की बाळा, सगळ्यात खालची ओळ आधी वाच. पायथनचा एरर खालून वर वाचायचा असतो. खाली काय बिघडलं ते असतं, त्याच्या जरा वर कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीत ते असतं. बाकीच्या पस्तीस ओळी बहुतेक वेळा दुसऱ्यांच्या कोडमधल्या असतात, त्यांना सध्या राम राम.

खालच्या ओळीत होतं की फ्लास्क नावाचं मॉड्यूल सापडत नाही. तिच्या लॅपटॉपवर फ्लास्क कधीतरी टाकलेला होता, सर्व्हरवर कुणी टाकलाच नव्हता. कुठली पॅकेजेस लागतात याची यादी 'रिक्वायरमेंट्स' नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये द्यावी लागते. यादी दिली. पुढची अडचण निघाली, कोडमध्ये सी ड्राइव्हचा पूर्ण रस्ता लिहिलेला होता आणि सर्व्हर लिनक्सचा, तिथे सी ड्राइव्ह नावाची वस्तूच नाही. ते बदललं. मग खानावळीचा फोटो दिसेना. फाइलचं नाव मोठ्या लिपीत, कोडमध्ये छोट्या लिपीत. विंडोजला हा फरक चालतो, लिनक्सला चालत नाही.

एवढं करून साईट एकदाची सुरू झाली, पोरांनी नावं नोंदवली, आणि दुसऱ्या दिवशी नोंदी गायब. कारण साधं होतं. बऱ्याच मोफत सेवांमध्ये साईटकडे काही वेळ कुणी फिरकलं नाही की ती झोपते, आणि पुन्हा उठते ती कोऱ्या पाटीने. तिचा डेटाबेस म्हणजे साईटच्याच फोल्डरमधली एक फाइल होती, ती पाटीबरोबर पुसली गेली. मावशीने वही बंद केली नव्हती म्हणून पोरं उपाशी राहिली नाहीत. (कुठल्याही मावशीने पहिले दोन महिने वही बंद करू नये, असं माझं ठाम मत आहे.)

माहिती वेगळ्या डेटाबेसमध्ये ठेवायला ती शिकली. तरी एक भानगड उरलीच, आणि ती मला सगळ्यात आवडली. सकाळी पाच वाजता, पहिल्या पाळीला निघायच्या आधी नोंद करणाऱ्या पोरांचे डबे रोज आदल्या दिवसाच्या खात्यात जायचे. साडेपाचनंतर नोंद करणाऱ्यांचे बरोबर. कोडमध्ये चूक दिसेना. लॅपटॉपवर सगळं बरोबर. शेवटी तिच्या लक्षात आलं की सर्व्हरचं घड्याळ भारतीय वेळेवर चालतच नव्हतं. ते जागतिक प्रमाणवेळेवर होतं, आपल्या साडेपाच तास मागे. खराबवाडीत पहाटेचे पाच वाजतात तेव्हा सर्व्हरच्या लेखी काल रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. भूगोलात रेखावृत्तं आणि प्रमाणवेळ आपण शिकवतो, गणितं घालतो, मुलं पाच मार्क मिळवतात. पण प्रमाणवेळेमुळे माणसाचा डबा चुकू शकतो हे तिला ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी ते प्रकरण तिचं झालं.

आता मला सांगा, या मुलीच्या फाइलमध्ये एक्स्टर्नलला काय दिसतं? एक लॉगिन पान, एक फॉर्म, एक तक्ता. शेजारच्या मुलाच्या विकत आणलेल्या प्रोजेक्टमध्येही तेच तीन स्क्रीनशॉट, उलट जास्त रंगीत. आपली मार्कांची पद्धत या दोघांत फरक करू शकत नाही. हे मला खुपतं.

पालकांना हे पटवायला आपल्या भागात खरं तर अडचण येऊ नये. पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे, चाकण, महाळुंगे या पट्ट्यात घराआड एक माणूस मशीनवरचा आहे. टूलरूममध्ये डाय तयार झाली, मापं ओके आली, म्हणून कुणी पार्ट डिस्पॅच करतं का? डाय प्रेसवर चढते, ट्रायआउट होतो, पहिला पीस निघतो, त्याला बर येतो किंवा तो क्रॅक होतो, डाय परत खाली उतरते. पुन्हा चढते. पहिला पीस क्वालिटीने पास केल्याशिवाय लॉट सुटत नाही. आणि चांगल्या टूलमेकरची किंमत याच फेऱ्यांत कळते, हे त्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पण तोच माणूस घरी मुलीला म्हणतो, "अगं, काल तर चालत होतं ना? मग आज काय बिघडवलंस?" तिने काही बिघडवलेलं नसतं. तिची डाय फक्त प्रेसवर चढली आहे.

हे केवळ आपल्याकडच्या मुलांचं रडगाणं आहे असंही नाही. "माझ्या मशीनवर तर चालतंय" हा जगभरच्या प्रोग्रॅमरांचा चेष्टेचा विषय आहे. पायथनमधली जँगो ही चौकट अमेरिकेतल्या कॅन्सास राज्यात लॉरेन्स नावाच्या गावच्या वर्तमानपत्रात तयार झाली आणि २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली. रोजची बातमी वेळेत वेबवर जायलाच हवी, या दबावाखाली ती घडली. बातमी एडिटरच्या संगणकावर छान दिसते याला तिथे काय किंमत असणार?

मुलांचे व्हिडिओ हा वेगळा ताप आहे. हेरोकू या सेवेचा मोफत प्लॅन नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला. त्याआधी कित्येक वर्षं नवशिक्यांना पहिलं नाव तेच सांगितलं जायचं, आणि ते व्हिडिओ अजून तसेच आहेत, लाखो वेळा पाहिलेले. मूल २०१९ चा व्हिडिओ बघत एकेक पायरी चढतं आणि शेवटच्या पायरीवर पैसे मागितले जातात. त्याला वाटतं आपलंच चुकलं. म्हणून व्हिडिओची तारीख आधी बघायला शिकवा. पालकांनी एवढं जरूर करावं, एखादी सेवा 'मोफत' म्हणून कार्डाचा नंबर मागत असेल तर मुलाला रागावू नका, पण कार्डही देऊ नका. कार्ड न मागता सुरुवात करू देणाऱ्या सेवा आहेत, शिकण्यापुरत्या त्या पुरतात. आणि मुलाने कोड गिटहबवर टाकताना पासवर्ड त्यातच ठेवलेला नाही ना, हे एकदा विचारा. तुम्हाला कोड कळत नसला तरी हा प्रश्न विचारता येतो.

शिक्षकांची बाजू मला ठाऊक आहे, मी त्यातलाच आहे. पोर्शन संपत नाही. लॅबचं नेट पीटी उषासारखं धावत नाही. एका बॅचला वीस मशीन, त्यातली तीन बंद. साठ मुलांच्या साठ साईट आपण कुठे तपासणार? तपासू नका. वर्गाची मिळून एक साईट करा. आणि प्रत्येकाने जर्नलच्या मागच्या चार पानांवर आलेले एरर मराठीत लिहायचे, काय दिसलं, मला काय वाटलं, खरं काय निघालं. मराठीत लिहायला लावलं की एक फायदा होतो, नक्कल लगेच उघडी पडते. आजकाल मुलं एरर उचलून एआयला विचारतात आणि तो नवीन कोड देतो. माझी त्याला हरकत नाही, आपणही पुस्तकात बघायचो. पण काय मोडलं होतं हे दोन वाक्यांत मराठीत सांगता आलं नाही, तर ते दुरुस्त झालं असं मी धरत नाही. व्हायव्हाला तेवढा एकच प्रश्न पुरतो. 'तुझी साईट कुठे कुठे पडली?' जो म्हणेल 'कुठेच नाही सर', त्याला जास्त वेळ बसवा.

आणखी एक, आणि हे वेळापत्रकाचं आहे. आपण सगळे साईट चढवण्याचं काम सबमिशनच्या आदल्या रात्रीवर ढकलतो. तेव्हा कोड पाचशे ओळींचा झालेला असतो, आणि पाचशेपैकी कुठल्या ओळीने घात केला हे शोधायला रात्र पुरत नाही. उलट करा. पहिल्याच आठवड्यात, प्रोजेक्टचं नावही ठरलेलं नसताना, 'नमस्कार' एवढा एकच शब्द दाखवणारी साईट चढवून घ्या. त्यात चुकण्यासारखं फार थोडं असतं, त्यामुळे जे चुकतं ते सापडतं. यादीची फाइल, पायथनची आवृत्ती, पोर्ट, लॉग कुठे असतो, सगळं त्या एका शब्दावर शिकून होतं. मग रोज थोडा कोड वाढवायचा आणि पुन्हा चढवायचा. लॅबमध्ये गिटहब बंद केलेलं असेल तर मोबाईलच्या हॉटस्पॉटवर करा, डेटा फारसा जात नाही. आपल्याकडे बऱ्याच कंपन्यांना गुरुवारची सुट्टी असते. त्या दिवशी मुलांना 'नमस्कार'ची लिंक घरी पाठवायला सांगा. वडील घरी असतील, उघडते की नाही ते त्यांच्या फोनवर लगेच कळेल.