रिंगणांतील अश्व

दिवाळीची गर्दी ओसरल्यावर बारामतीच्या आमच्या घरीं जी भाचे-पुतणे मंडळी मागें राहिली होती, तिच्यांत एका रात्रीं मोठा वाद रंगला. विषय राजकारणाचा नव्हता, लग्नकार्याचाहि नव्हता. तो होता एका एंजिनाचा. ज्या वाचकांच्या घरीं विशीच्या आसपासचे तरुण आहेत त्यांस असले वाद नवे नसतील. परंतु आमचा वाद जेथें येऊन थांबला, तें सर्वांपुढें ठेवावेंसें वाटतें.

आमच्या गांवच्या औद्योगिक वसाहतींत पियाजिओ या इटालियन कंपनीचा कारखाना आहे. 'आपे' हें तीनचाकी वाहन तेथें कित्येक वर्षांपासून तयार होतें. २०१२ पासून व्हेस्पा स्कूटरहि होऊं लागली. आतां त्याच कारखान्यांत 'ॲप्रिलिया आर. एस. ४५७' नांवाची वेगवान मोटारसायकल बनते. डिसेंबर २०२३ मध्यें ती विक्रीस आली, तेव्हां तिची किंमत ४ लक्ष १० हजार रुपये होती. आणि बारामतींत बनून ती युरोपासहि जाते. माझा धाकटा पुतण्या पुण्यास अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत आहे. आपणांस हीच गाडी हवी, असें त्यानें फराळाच्या वेळींच जाहीर केलें होतें.

"काका, हिचें एंजिन एकदां ऐका तरी!" असा त्याचा आग्रह. त्याचें म्हणणें मी माझ्या भाषेंत सांगतों. या एंजिनाचे दोन सिलिंडर शेजारीं शेजारीं आहेत. पण त्यांतील दट्टे बरोबरीनें न हलतां त्यांच्यामध्यें २७० अंशांचें अंतर ठेवलें आहे. एकांतील स्फोटानंतर दुसऱ्यांतील स्फोट २७० अंशांनीं होतो, आणि पुन्हां पहिल्यांत होण्यास ४५० अंश लागतात. त्यामुळें आवाज एकसुरी न राहतां दौडत्या घोड्याच्या टापांसारखा येतो.

मोठा भाचा मात्र नाराज होता. "ॲप्रिलियाचें नांव गाजलें तें शर्यतींवर आणि चार सिलिंडरांच्या व्ही एंजिनावर. हें तर तिचें पिल्लूं, आवाज तेवढा मोठ्यांचा काढतें," असा त्याचा शेरा. आमच्या दादांचा सारा जन्म साखर कारखान्याच्या यंत्रांत गेला. त्यांनीं चष्मा पुसून विचारलें, "पूर्ण जोर मिनिटास ९,४०० फेऱ्यांवर येतो म्हणतोस. तेवढे फेरे आमच्या रस्त्यांवर कोठें घालणार तूं?"

मला आठवली घरची जुनी मोटार. हा मुलूख एंजिनांस परका नाहीं. शेजारच्या इंदापूर तालुक्यांत ज्यांच्या नांवाचें वालचंदनगर वसलें, त्या वालचंद हिराचंद यांनींच १९४४ सालीं प्रीमिअर ऑटोमोबाईल्स स्थापिली. पुढें त्या कंपनीनें इटलीच्याच फियाट मोटारी येथें बनविल्या. १,०८९ घनसेंटिमीटरच्या त्या एंजिनाची शक्ति सुमारें ४० अश्वांची. तेवढ्यावर आम्ही सात माणसें, दोन ट्रंका आणि लोणच्याची बरणी घेऊन पंढरपुरास जात असूं. या नव्या मोटारसायकलीचें एंजिन त्याच्या निम्म्याहूनहि लहान, आणि शक्ति ४७ अश्वांची. ओझें मात्र एका मुलाचें! हा हिशेब मांडला आणि छातींत धस्स झालें.

पण हा ४७ चा आंकडा आला कोठून? उत्तर पुतण्यानेंच दिलें, आणि वादाचें रूप पालटलें. युरोपांत २०१३ पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणें अठरा वर्षांच्या मुलास वाटेल ती मोटारसायकल चालवितां येत नाहीं. त्यास जो मधला परवाना मिळतो, त्यावर ३५ किलोवॅट, म्हणजे सुमारें ४७ अश्वशक्ति, ही कमाल मर्यादा. शिवाय वजनाच्या दर किलोग्रॅममागें ०.२ किलोवॅटहून अधिक शक्ति चालत नाहीं. या गाडीचें वजन १७५ किलोग्रॅम. ३५ ला १७५ नें भागून पाहा, बरोबर ०.२ येतात! या परवान्यावर निदान दोन वर्षें काढावीं, मग मोठ्या गाडीचें नांव घ्यावें. म्हणजे ज्या एंजिनावर आमचीं मुलें लुब्ध झालीं, तें मुळांत तरुणांसाठीं कायद्यानें आंखलेल्या चौकटींत बसविलेलें आहे.

आणि आपल्याकडे? अठरा वर्षें पुरीं झालीं, गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना हातीं आला, कीं शंभर घनसेंटिमीटरची गाडी आणि हजाराची गाडी यांत कायदा कांहींच भेद करीत नाहीं. एंजिन बारामतींत बनतें. पण ज्या मर्यादेसाठीं तें बेतलें, ती समुद्रापलीकडे राहिली. मग येथें ती कोणीं घालावयाची? माझ्या मतें, घरानें.

हें बोलून दाखवितांच पुतण्या म्हणाला, "काका, हिला ए. बी. एस. आहे. चाक घसरूं नये म्हणूनहि यंत्रणा आहे."

खरें आहे. परंतु रस्ता पाहावा. बारामतीहून इंदापुरास जाणारा हा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग. त्याच्या चौपदरीकरणाची कोनशिला नोव्हेंबर २०२१ मध्यें बसली. रस्ता रुंद झाला कीं मन वेग मागूं लागतें. आणि गळिताचा हंगाम लागला कीं याच बाजूच्या रस्त्यांवर रात्रीं उसाच्या दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर चालतात. कित्येकांस मागें दिवा नसतो. यंत्रणा चाक अडकूं देत नाहीं. अंधारांतील ट्रॉली ती दाखवीत नाहीं.

तेव्हां पुतण्यानें असा प्रश्न केला कीं मी निरुत्तर झालों. "तुम्हीं मोटार घेतली तेव्हां कोणीं अट घातली होती, काका? पुण्याहून सव्वा तासांत आलों, म्हणून तुम्हीच ना ओसरीवर सांगत होतां?"

आई इतका वेळ वाती वळीत बसली होती. ती म्हणाली, "बेलवडीच्या रिंगणांत अश्व पळतो तो पाहतां ना रे? केवढा पळतो! त्याला कोणी बांधीत नाहीं, पण भोंवतीं सगळे कडें करून उभे असतात. कडें धरायचें तर सगळ्यांनीं धरा. एकट्या पोराला कशाला?"

त्या रात्रीं ठरलें तें असें. पहिलीं दोन वर्षें घरांतलीच लहान मोटारसायकल. डोक्यास शिरस्त्राण, मग बाजारापर्यंत जावयाचें असलें तरीहि. हंगामांत दिवेलागणीनंतर इंदापूरच्या रस्त्यास दुचाकी न्यावयाची नाहीं. दोन वर्षांनीं हौस टिकली तर निम्मी रक्कम त्यानें मिळवावी, निम्मी आम्ही देऊं. आणि मोटारीस ताशीं ८० किलोमीटरची मर्यादा, ती माझ्यासाठीं.

पुतण्या पुरता खूष झाला नाहीं. मीहि झालों नाहीं. परवां त्याला घेऊन पुण्याहून येत होतों. पाटसच्या पुढें रस्ता मोकळा सांपडला आणि पाय आपोआप दबला. तो कांहीं बोलला नाहीं. त्यानें नुसतें कांट्याकडे बोट दाखविलें. मीं पाय उचलला.