दबलेल्या जमिनीचा नकाशा

ऊसतोडणीचा हंगाम सरला कीं सबसॉयलरच्या भाड्याची चौकशी सुरू होते, आणि बहुधा सबंध रान या बांधापासून त्या बांधापर्यंत फाडून घेतलें जातें. यांतील बराचसा खर्च आमच्या मतें व्यर्थ होय. जमीन दबते ती भरलेली ट्रॉली जेथें फिरते तेथें, शेताच्या तोंडाशीं व वळणाच्या पट्टींत. सर्वत्र सारखी नव्हे.

तेव्हां आधीं मोजावें. पेनेट्रोमीटर नांवाच्या यंत्रांत शंकूच्या टोंकाची पोलादी सळई असते. ती जमिनींत दाबतांना लागणारा जोर यंत्र दाखवितें. दर चौरस सेंटिमीटरास सुमारें २० किलो जोर लागूं लागला कीं बहुतेक पिकांचीं मुळें तेथें अडतात. यंत्र नसेल त्यानें साधी लोखंडी सळई घ्यावी. आंकडा मिळणार नाहीं, पण कठीण थर किती वितींवर आहे हें हातास कळतें. वीस-वीस पावलांवर रांगेनें टोंचीत जावें, सळई अडेल ती खोली गटाच्या नकाशावर त्या त्या जागीं लिहावी, आणि सारख्या खोलीच्या जागा रेघेनें जोडाव्या. दबलेले पट्टे डोळ्यांसमोर उभे राहतात.

मात्र हें काम वाफशावरच व्हावें. सुकलेली काळी जमीन न दबतांही दगडासारखी लागते. उलट चिखलांत दबलेला थरही सळईस वाट देतो. शंका आल्यास खड्डा खणून मुळें आडवीं वळलीं आहेत काय तें पाहावें. मुळांची साक्ष यंत्राहून खरी.

काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळून आपोआप मोकळी होते, असें जाणते लोक म्हणतात. जिराईत रानापुरतें तें बरेंच खरें आहे. परंतु बारमाही पाण्याखालील उसाचें रान तितकें सुकतेंच कोठें?

आमचा खरा रोष ओल्या रानांत वाहन घालण्यावर आहे. दबण्याचा बहुतेक भाग पहिल्याच फेरींत होतो. तरीही तोडणीची पाळी चुकेल या भीतीनें आपण शेताचें तोंड उघडतों. पाळी आपल्या हातीं नसेल, ट्रॉलीची वाट तर आहे! ती एकच आंखून द्यावी, तेवढ्यापुरता खोडवा गेला तरी चालेल. सबसॉयलर चालवावा तो त्याच पट्टींत, आणि रान कोरडें असतां. ओल्या मातींत त्याचा फाळ थर फोडीत नाहीं, नुसती चीर पाडतो. राहतां राहिलें यंत्र. तें एकेकट्यास न परवडल्यास मंडळानें एक घेऊन सभासदांस पाळीपाळीनें द्यावें, अशी आमची सूचना आहे. कार्यकारी मंडळीनें ती येत्या बैठकींत विचारार्थ घ्यावी.